विश्लेषण : स्वालबार्ड जगाच्या सातपट वेगाने तापतेय, म्हणजे नेमके काय?

नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह उत्तर ध्रुवापासून साधारण १,३०० किलोमीटरवर आहे. तेथील नी-अलेसुंड या संशोधन वस्तीत फेब्रुवारी २०२५मध्ये २८पैकी १४ दिवस पारा शून्याच्या वर गेला. महिन्याची सरासरी उणे ३.३ अंश सेल्सिअस राहिली. १९६१ ते २००१ या काळात या दिवसांची सरासरी उणे १५ अंश होती. अशी बातमी आली की ‘जगाच्या सहा-सातपट वेगाने तापणारी बेटे’ हा उल्लेख हमखास येतो. पण हा ‘सातपट’ आकडा येतो कुठून आणि तो कसा वाचायचा?

तापमानाची नोंद कधीपासून?

स्वालबार्डची मुख्य वस्ती लाँगइयरब्येन. तेथील विमानतळावरचे हवामान केंद्र १९७५मध्ये सुरू झाले. तरीही ‘स्वालबार्ड विमानतळ’ या नावाची तापमान मालिका थेट १८९८पर्यंत मागे जाते. विमानाचा शोध लागण्याआधीपासून विमानतळाचे तापमान? त्याचे उत्तर असे, की ही मालिका जोडून तयार केलेली आहे.

सुरुवातीच्या नोंदी आहेत हिवाळा काढण्यासाठी बेटांवर मुक्काम ठोकणाऱ्या शिकारी आणि शोधमोहिमांच्या. डिसेंबर १९११मध्ये ग्रीन हार्बर येथे नियमित केंद्र सुरू झाले. पुढे केंद्रांच्या जागा बदलत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये बेटे रिकामी करण्यात आली आणि नोंदींत खंड पडला. (त्या काळात जर्मन सैन्याने तेथे गुपचूप हवामान केंद्रे चालवली. अशा एका तुकडीने शरणागती पत्करली ती सप्टेंबर १९४५मध्ये, म्हणजे युरोपातले युद्ध संपल्यावर चार महिन्यांनी!)

फियॉर्डच्या तोंडाशी असलेल्या केंद्राची हवा आणि आतल्या केंद्राची हवा सारखी नसते. त्यामुळे नुसते आकडे एकापुढे एक मांडून चालत नाही. नॉर्वेच्या हवामान संस्थेतील संशोधकांनी जुन्या जागी पुन्हा तापमापक बसवले, विमानतळावरच्या नोंदींशी त्यांची तुलना केली आणि दोन्हींतला फरक काढून जुने आकडे विमानतळाच्या मापात आणले. हे काम किचकट आहे. पण उत्तर ध्रुवीय प्रदेशात सव्वाशे वर्षांची मालिका दुर्मीळ असल्याने तिचे मोलही तेवढेच आहे.

सातपट की साडेतीनपट?

दोन्ही. १८९८ ते २०१८ हा पूर्ण काळ धरला, तर वार्षिक सरासरी तापमान दर दशकाला ०.३२ अंशाने वाढले. जगाच्या सरासरीच्या तुलनेत हा वेग सुमारे साडेतीनपट. त्याच मालिकेतील १९९१ ते २०१८ एवढाच तुकडा घेतला, तर वाढ दर दशकाला १.७ अंश. हा वेग त्या काळातील जागतिक वेगाच्या सुमारे सातपट.

म्हणजे मालिका एकच, पण आकडा कोणत्या वर्षापासून मोजायला सुरुवात केली यावर ठरतो. बातम्यांत बहुधा मोठा आकडा येतो आणि काळ गाळला जातो. आकडा खोटा नसतो, अर्धवट असतो. खरे तर काळासकट सांगितला तर तो अधिक धक्कादायक आहे. कारण त्यातून केवळ वाढ नाही, तर वाढीचा वेगही वाढल्याचे कळते.

१९३०च्या दशकातही ऊब होती, त्याचे काय?

हवामानबदलाबद्दल शंका घेणारे हा मुद्दा आवर्जून काढतात आणि तो निराधार नाही. १९१०च्या दशकाच्या अखेरीस स्वालबार्डचे हिवाळे झपाट्याने सौम्य झाले. १९३०चे दशक उबदार गेले. नंतर तापमान पुन्हा उतरले आणि १९६०च्या दशकात थंडीने तळ गाठला. त्यानंतरची चढण आजही सुरू आहे.

याचा एक परिणाम ध्यानात घ्यायला हवा. तुलनेसाठी बराच काळ १९६१ ते १९९० ही तीस वर्षे ‘सामान्य’ मानली गेली. तेव्हाची वार्षिक सरासरी उणे ६.७ अंश. पण त्या तीस वर्षांत थंड वर्षे बरीच असल्याने आजची वाढ थोडी जास्त मोठी दिसते. मग आजची ऊब ही जुन्याच चढउताराची पुनरावृत्ती म्हणायची का? तसे म्हणता येत नाही. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी उणे ३.९ अंशांवर आली आहे. २०१६ची वार्षिक सरासरी तर उणे ०.१ अंश, म्हणजे जवळपास शून्य होती. १९३०च्या दशकातील उबदार वर्षे याच्या जवळपासही येत नाहीत. शिवाय तेव्हाची ऊब मुख्यतः उत्तरेकडच्या काही भागांपुरती होती, आज सारी पृथ्वीच तापते आहे.

सूर्यच नसताना ऊब येते कुठून?

खरी गोष्ट वार्षिक सरासरीच्या आत दडलेली आहे. लाँगइयरब्येनमध्ये जुलैची सरासरी १९६१-९०मध्ये ५.९ अंश होती, ती १९९१-२०२०मध्ये ७ अंशांवर गेली. वाढ जेमतेम एक अंशाची. फेब्रुवारीची सरासरी मात्र उणे १६.२ वरून उणे ११च्या आसपास आली. वाढ सुमारे पाच अंशांची! ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही. सर्वाधिक वाढ नेमकी या काळोखाच्या ऋतूतली आहे.

याचे कारण समुद्र. खारे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते. वरची हवा उणे २० किंवा उणे ३० अंश असेल, तर तिच्या तुलनेत ते पाणी चक्क ऊनच म्हणायचे. पाण्यावर बर्फाचा थर असला की तो झाकणाचे काम करतो आणि उष्णता खालीच अडकून राहते. झाकण गेले की समुद्र हवेला ऊब देऊ लागतो. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याने अटलांटिकचा उबदार प्रवाह वाहतो. तेथील अनेक फियॉर्ड पूर्वी हिवाळ्यात गोठत. गेल्या दोन दशकांत ते बरेचदा मोकळेच राहतात. उन्हाळ्यात उघडे, गडद पाणी सूर्याची उष्णता शोषते आणि पुढच्या हिवाळ्यात बर्फ आणखी उशिरा धरतो, अशी ही साखळी आहे. त्यामुळेच बेटांच्या पूर्वेला, जेथे समुद्रबर्फ वेगाने घटला, त्या उत्तर बॅरेंट्स समुद्राच्या भागात वाढीचा वेग पश्चिमेपेक्षाही जास्त आढळतो.

तिथे राहणाऱ्यांसाठी काय बदलले?

लाँगइयरब्येनची लोकसंख्या सुमारे अडीच हजार. हे गाव पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे बारमाही गोठलेल्या जमिनीवर, खांब रोवून बांधलेले आहे. वरचा थर जास्त खोल वितळू लागला की खांब हलतात. हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडला तर तो जमिनीवर गोठतो आणि रेनडिअरना खालचे गवत-शेवाळ उकरता येत नाही. १९ डिसेंबर २०१५ रोजी हिमस्खलनात घरे गाडली जाऊन दोघांचा मृत्यू झाला. त्यामागे मोठे वादळ होते, एकट्या तापमानवाढीला दोष देता येणार नाही. पण त्यानंतर डोंगराखालची घरे हटवणे आणि संरक्षक अडथळे उभारणे भाग पडले.

जगभरातील पिकांचे बियाणे जपणारी, २००८मध्ये सुरू झालेली बीजतिजोरीही याच गावाजवळ आहे. डोंगराची थंडी कायम राहील या भरवशावर ती खोदली गेली. ऑक्टोबर २०१६मधील अवेळी पावसाचे पाणी तिच्या बोगद्याच्या तोंडातून आत शिरून गोठले. उणे १८ अंशांत ठेवलेले बियाणे सुरक्षित राहिले, पण नॉर्वेला प्रवेशाचा बोगदा जलरोधक करून नव्याने बांधावा लागला. आणि हे गाव मुळात वसले ते कोळशाच्या खाणींसाठी! तेथील कोळशावरचे वीजकेंद्र २०२३मध्ये बंद झाले.

भारत तेथे काय करतो?

नी-अलेसुंडमध्ये जुलै २००८पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. २०१४मध्ये शेजारच्या कोंग्सफियॉर्डमध्ये भारताने पाण्याखालील वेधयंत्रणाही बसवली. याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये कारा समुद्रातील बर्फाची घट आणि भारतात मोसमाच्या अखेरीस होणारी अतिवृष्टी यांतील संभाव्य संबंध मांडला. तो अजून ‘संभाव्य’च आहे. त्यावरून सप्टेंबरच्या प्रत्येक ढगफुटीचे खापर ध्रुवावर फोडता येत नाही.

भारतीय पथके आधी प्रामुख्याने उजेडाच्या महिन्यांत तेथे जात. सर्वाधिक बदल मात्र काळोखाच्या महिन्यांत होतो आहे. डिसेंबर २०२३मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम ‘हिमाद्री’वर रवाना झाली आणि केंद्र वर्षभर चालू ठेवण्यास तेव्हापासून सुरुवात झाली.