जुनी कार ‘सांगितली तशी’ निघाली नाही, तर परभणीतून दाद कशी मागायची?

समजा, गंगाखेडच्या एका शिक्षकाने पुण्यातल्या डीलरकडून साडेचार लाखांना जुनी कार घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं: एकच मालक, ४८ हजार किलोमीटर, अपघात नाही. महिनाभरात इंजिन गरम व्हायला लागलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने गाडीची जुनी नोंद काढली, तर दोन वर्षांपूर्वीच ती ९६ हजार किलोमीटर चालली होती.

डीलरला फोन केला, तर उत्तर आलं: “सर, जुनी गाडी आहे. बघून, चालवून, सही करून घेतली ना तुम्ही? आता आमचा संबंध नाही.”

उदाहरण काल्पनिक आहे, पण हा वाद अनेकांच्या ओळखीचा आहे. डीलरचं म्हणणं कायद्यात टिकतं का? आणि त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागतात का?

बिघाड वेगळा, खोटं वर्णन वेगळं

जुनी गाडी घेतली म्हणजे थोडीफार झीज आलीच. सहा महिन्यांनी क्लच गेला म्हणून डीलरला दोषी ठरवणं अवघड आहे. पण मीटर मागे फिरवणं, अपघात लपवणं, तिसऱ्या मालकाची गाडी ‘एकच मालक’ म्हणून विकणं हा वेगळा प्रकार आहे. वस्तूचा दर्जा किंवा स्थिती याबद्दल खोटी माहिती देऊन विक्री करणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते.

मग ‘बघून घेतली होती’ या मुद्द्याचं काय? भारतीय करार कायद्याच्या कलम १९ मध्ये याचं उत्तर आहे. डीलर एखाद्या गोष्टीबद्दल फक्त गप्प राहिला आणि साध्या चौकशीत ती ग्राहकाला कळली असती, तर ग्राहकाची बाजू कमजोर होते. पण डीलरने माहीत असून धडधडीत खोटं सांगितलं असेल, तर ‘तुम्ही तपासायला हवं होतं’ म्हणून सुटता येत नाही. ‘आहे त्या स्थितीत’ असं पावतीवर लिहून घेतलं, तरी त्याने खोटं खरं होत नाही.

म्हणून तक्रारीत ‘गाडी खराब आहे’ एवढंच लिहून भागत नाही. काय सांगितलं होतं आणि काय निघालं, हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

गोव्यातल्या प्रकरणात काय झालं?

गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलच्या नव्या गाडीचे पैसे भरले होते. त्याला देऊ केलेली गाडी २००९ साली तयार झालेली आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. तिचा खालचा भाग गंजलेला होता. ग्राहकाने तक्रार केली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं.

टाटा मोटर्सच्या अपिलावर न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला. डीलरने केलेल्या या प्रकाराची कंपनीला माहिती होती, हे सिद्ध झालं नाही. कंपनी आणि डीलर यांचे व्यवहारही स्वतंत्र होते. त्यामुळे कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. डीलरची जबाबदारी कायम राहिली.

जुन्या गाडीच्या ग्राहकासाठी यातून दोन गोष्टी निघतात. आरसीवरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष आधी वाचायचं. आणि तक्रारीत ज्याने खोटं सांगितलं, त्याचं नाव अचूक घालायचं. मोठ्या कंपनीचं नाव जोडलं म्हणून तक्रार भक्कम होत नाही.

तक्रार कुठे करायची?

परभणीतच. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. डीलर पुण्याचा असो की हैदराबादचा, जिंतूर, सेलू किंवा पालमच्या ग्राहकाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ऑनलाइन तक्रारीची सोयही आहे.

मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. ५ लाखांपर्यंत कोणतंही शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, तर १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहेत. मुदत वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. अनेक वाद तिथेच मिटतात.

आयोग दोष दुरुस्त करून द्यायला, गाडी बदलून द्यायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. कायद्यात निकालासाठी ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने दिले आहेत. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. शेजाऱ्याने स्वतःची गाडी विकली असेल, तर तो व्यापारी नसल्यामुळे प्रकरण सहसा दिवाणी न्यायालयात जातं. आणि गाडी धंद्यासाठी घेतली असेल, तर ग्राहक म्हणून दावा करता येत नाही. मात्र पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला काळीपिवळी घेतलेला माणूस ग्राहकच ठरतो.

पोलिसांकडेही जाता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीबद्दल आहे. पण तिथे सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवावं लागतं.

पुरावा कसा जपायचा?

- जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. डीलर ती नंतर काढून टाकू शकतो.
- फोनवरचं बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: “गाडी ४८ हजार चालली आहे आणि अपघात नाही, बरोबर ना?” त्याचं ‘हो’ हाच पुरावा.
- पैसे बँकेतून द्या आणि पावतीवर किलोमीटर लिहून घ्या.
- सर्व्हिस सेंटरची नोंद आणि दोषाचा अहवाल लेखी, सही-शिक्क्यासह घ्या.
- अहवालाआधी गाडी खोलून दुरुस्त करू नका. बदललेला भाग पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

पैसे देण्याआधी

परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकला की कर्जाचा बोजा, विमा आणि गाडी कितव्या मालकाकडे आहे, हे दिसतं. जुनी विमा पॉलिसीही मागा. गाडी पाच-सहा वर्षांची असून ‘नो क्लेम बोनस’ शून्य असेल, तर आधी क्लेम झाला होता का, हे विचारा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी परिवहन कार्यालयाच्या अधिकारपत्राचा नियम लागू आहे. ते पाहायला मागण्यात संकोच नको. गाडी आपल्या नावावर करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करा.

गंगाखेडच्या त्या शिक्षकाकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल, तर त्यांची तक्रार उभी राहू शकते. तो नसेल, तर ‘४८ हजार’ हा आकडा डीलरने सांगितला होता, हेच आधी सिद्ध करावं लागेल.