मनगटातलं पातं आणि अल्ताईरचं बोट

‘असॅसिन्स क्रीड’ हा गेम २००७ मध्ये आला, तेव्हा नायक अल्ताईरच्या डाव्या हाताला अनामिका नव्हती. मनगटाखालचं छुपं पातं पुढे सरकायचं ते नेमकं त्या बोटाच्या जागेतून. धर्मयुद्धांच्या काळातल्या या शिलेदाराचं सगळं वेगळेपण त्या एका तपशिलात आहे.

२००९ च्या दुसऱ्या भागात नवा नायक एझिओ आला आणि बोट वाचलं! लिओनार्डो द विंचीने पात्याची रचना सुधारली, मग जोडीला दुसरं पातं, विष आणि चिमुकलं पिस्तूलही दिलं. एझिओ स्वतःही बदलतो: फ्लॉरेन्समधला उनाड पोरगा ‘रेव्हलेशन्स’मध्ये पिकल्या दाढीचा गुरू होतो. इतकं संथपणे वाढणारं, खरं वाटणारं वय क्वचितच कुठल्या गेमने दाखवलं असेल.

पुढच्या भागांच्या नायकांपैकी कॉनरच्या हाती टॉमाहॉक आला, एडवर्ड केनवेच्या अंगावर चार पिस्तुलं.

सगळ्यात धाडसी बदल २०१८ च्या ‘ओडिसी’तला. ग्रीसमधली ही गोष्ट असॅसिनांच्या संघटनेच्या जन्माआधीची, म्हणून नायकाकडे छुपं पातंच नाही. त्याऐवजी स्पार्टाच्या राजा लिओनायडसच्या भाल्याचं मोडकं टोक. जुने चाहते नाराज झाले, पण कथेच्या काळाशी ते इमान राखणारं होतं.

‘शॅडोज’मध्ये (२०२५) दोन नायकांत कामंच वाटली आहेत: पातं नाओएकडे, तर सामुराई यासुकेकडे कताना आणि जडशीळ कानाबो.