आपलीच चादर परत घेणारा कारखानदार

सोलापूरच्या एखाद्या कारखानदाराने आपल्याच चादरी बाजारातून परत विकत घेऊन जाळल्या, तर उरलेल्यांचा भाव चढेल. पण गिऱ्हाईकच नसेल तर किती दिवस? क्रिप्टो टोकनच्या ‘बायबॅक’चे गणित हेच. एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज व्यवहार-शुल्कातला एक तृतीयांश वाटा स्वतःचे एफटीटी टोकन परत घेऊन नष्ट करण्यावर खर्ची घाली. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ते एक्स्चेंज बुडाले. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक-घोटाळ्यात तर कबूल केलेल्या बिटकॉइनऐवजी एमकॅप हे घरचेच टोकन गुंतवणूकदारांच्या हाती पडले. कंपन्याही शेअर परत घेतात, हा आक्षेप रास्त. पण तिथे सेबीचे नियम आणि तपासलेले ताळेबंद असतात. म्हणून भाव पाहण्याआधी खरेदीचा पैसा कुठून येतो ते पाहावे. तो खऱ्या कमाईतला असेल, तरच प्रकल्प तग धरण्याची शक्यता.