बातम्यांतलं तापमान आणि पत्र्याखालचं तापमान



उन्हाळ्यात संध्याकाळच्या बातम्यांत शहरांची नावं आणि आकडे येतात. अकोला ४४, नागपूर ४३, मुंबई ३५. पत्र्याच्या खोलीत बसून ते ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक कुठलं तापमान सांगतायत? इथे तर भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. बातम्यांतला आकडा खोटा नसतो आणि आपला अनुभवही खोटा नसतो. दोन्ही वेगवेगळ्या जागांचे आहेत. हा फरक समजला, तर घरातल्या कुणाला कुठे झोपवायचं, कधी धावपळ करायची आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन काय मागायचं, हेही समजतं.

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटीला तिरप्या पट्ट्या असतात, म्हणजे आत वारा खेळतो पण ऊन शिरत नाही. ती मोकळ्या जागेत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर ठेवतात. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझला, नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर. सगळीकडे एकाच पद्धतीने मोजलं तरच आजचा उन्हाळा शंभर वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याशी ताडून पाहता येतो. अशाच नोंदींच्या आधारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या अहवालात मांडलं, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सरासरी एवढीशी सरकली, तरी होरपळून काढणारे दिवस जास्त येऊ लागतात.

पण त्या पांढऱ्या पेटीत कुणी राहत नाही. माणसं राहतात पत्र्याखाली, सिमेंटच्या गल्लीत, नाल्याला लागून. तिथलं तापमान ठरतं ते जमिनीवर काय आहे त्यावरून.

आपल्या घरचा माठ आठवा. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. म्हणून आतलं पाणी गार राहतं. झाड हेच काम करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि भोवतालची हवा थोडी निवते. तळं, ओली माती, शेत यांचंही तसंच. आता तळं बुजवलं, माती सिमेंटखाली गाडली, झाडं तोडली, तर वाफ व्हायला पाणीच उरत नाही. ऊन पडतं ते सगळं तापवण्यातच खर्ची पडतं. वर सिमेंट आणि विटा म्हणजे जाड तवा. गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ तापलेला राहतो, तशा भिंती दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता रात्री बाहेर टाकतात. पत्र्याचा स्वभाव वेगळा. तो सकाळी लवकर तापतो, रात्री लवकर निवतो, पण दुपारी खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उष्णतेचा मारा करतो. आपल्या बहुतेक घरांत वर पत्रा आणि बाजूला विटांच्या भिंती. म्हणजे दुपारी पत्रा भाजतो आणि रात्री भिंती झोपू देत नाहीत.

शहर आजूबाजूच्या गावांपेक्षा जास्त गरम असतं, हे लंडनमध्ये औषधं बनवण्याचा कारखाना चालवणाऱ्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवलं. तो तापमानाच्या रोज नोंदी ठेवायचा आणि शहरातलं आणि बाहेरचं तापमान ताडून पाहायचा. फरक रात्री जास्त असतो, हेही त्याच्या नोंदींत दिसलं. आज हेच काम उपग्रह करतात. लँडसॅट नावाचे उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रं घेत आले आहेत. आताचा एक लँडसॅट दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि जमिनीचा पृष्ठभाग किती तापलाय तेही मोजतो. संशोधक जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवतात. कुठे शेत होतं तिथे इमारती आल्या, कुठे तळं होतं तिथे भरणी झाली, आणि त्या तुकड्याची उष्णता किती वाढली, हे दिसतं. पत्र्याच्या छपरांच्या दाट वस्त्या अशा नकाशात बहुतेक वेळा लालभडक येतात. मुंबईच्या २०२२ सालच्या हवामान कृती आराखड्यानेही अशा वस्त्या जास्त तापतात याची दखल घेतली आहे.

तरीही उपग्रहाला वरून छप्पर दिसतं, छपराखालची आजी दिसत नाही. लँडसॅट आपल्यावरून जातो तो सकाळी, दहा-अकराच्या सुमाराला. दुपारचे तीन आणि रात्रीचे अकरा त्याच्या चित्रात नसतात. म्हणून आता काही संशोधक थेट घरात शिरून मोजतायत. अहमदाबादच्या वणजारा वास वस्तीत सुमारे ४०० घरं एका अभ्यासात घेतली गेली. काही घरांच्या छपरांवर ऊन परत फेकणारा पांढरा रंग दिला, काहींच्या नाही, आणि घराच्या आत तापमान मोजणारी यंत्रं बसवली. छप्पर पांढरं केल्याने तिथे राहणाऱ्यांच्या शरीरावर काय फरक पडतो, हे त्यातून तपासायचं आहे. मला हा प्रश्न योग्य वाटतो, कारण आजारी पत्रा पडत नाही, माणूस पडतो.

अहमदाबादचं नाव इथे येण्याला कारण आहे. २१ मे २०१० ला त्या शहरात ४६.८ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या महिन्यात माणसं गेली, पण दाखल्यावर कारण काय लिहिलं जातं? हृदयक्रिया बंद पडली. मूत्रपिंड निकामी झालं. म्हातारपण. उष्णता असं क्वचितच लिहितात, कारण माणूस घरातच जातो आणि त्याचं ताप तेव्हा कुणी मोजलेलं नसतं. मग संशोधकांनी साधा हिशेब केला. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांत शहरात सरासरी किती मृत्यू झाले ते पाहिलं, ते होते ३,११८. २०१० च्या मे महिन्यात झाले ४,४६२. म्हणजे १,३४४ जादा. उष्णता किती जीव घेते हे दाखल्यांवरून कळत नाही, अशा वजाबाकीतून कळतं. आपल्या वस्तीतही मे महिन्यात दोन-चार म्हातारी माणसं एकापाठोपाठ जातात आणि आपण म्हणतो, वय झालं होतं. वय झालेलं असतंच, पण त्यांना फेब्रुवारीत काही झालं नव्हतं, मे महिन्यातच का झालं, हा प्रश्न विचारायला हवा.

त्याच शहरातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास मला नर्स म्हणून सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे प्रसूती कक्ष वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. नवजात बाळांना ताप यायचा. ४२ अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत होतं. मग तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि हे प्रमाण कमी झालं. नवं औषध नाही, यंत्र नाही. फक्त मजला बदलला.

आता आपल्या घरात पाहा. पोटमाळ्यावर कोण झोपतं? खाली पाहुणे, टीव्ही, स्वयंपाक, म्हणून बाळंतिणीला आणि बाळाला ‘निवांत’ वर पाठवतात. आजारी आजोबांची गादीही वरच. पोटमाळा पत्र्याच्या सगळ्यात जवळ असतो. मार्च ते जून या महिन्यांत बाळंतीण, तान्हं बाळ आणि म्हातारी माणसं खालीच झोपली पाहिजेत. बाळाला उन्हाळ्यात टोपी-मोजे आणि तीन दुपट्यांत गुंडाळून ठेवायची रीतही त्या दिवसांत बाजूला ठेवा. छाती-पोटाला हात लावून बाळ कढत लागलं, तर आधी कपडे सैल करा, गार जागी न्या, अंगावर पाजा. थोड्या वेळाने पुन्हा पाहा. ताप तसाच असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर लगेच दवाखाना.

शरीराचा माठही घामावर चालतो. घामाची वाफ झाली तर अंग निवतं. पण हवा दमट असेल तर वाफ होत नाही, घाम नुसता निथळतो. पावसाळ्यात माठातलं पाणी तितकं गार होत नाही, तेच हे. म्हणून मुंबई, ठाणे, कोकणात ३७-३८ अंशही विदर्भातल्या ४३ इतके घातक ठरू शकतात. वेधशाळाही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेची पायरी ३७ अंशांवर धरते, मैदानी भागासाठी ४० वर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. तापमान ३८ च्या आसपास होतं, तरी १४ माणसं दगावली. आपली १४ एप्रिलची मिरवणूक आणि बुद्ध पौर्णिमेचे कार्यक्रम याच दिवसांत येतात. मिरवणूक चार वाजल्यानंतर निघावी, वाटेत पाण्याच्या टाक्या आणि सावलीचे मंडप असावेत, आणि डीजेच्या खर्चातून थोडे पैसे ओआरएसच्या पाकिटांना जावेत, असं माझं मंडळांना सांगणं आहे.

दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला वेळ लागतो. अंग गार ठेवायला हृदय दिवसभर जास्त पळतं. रात्रीही खोली निवली नाही, तर त्याला विसावाच मिळत नाही. म्हणून लाटेचा तिसरा-चौथा दिवस पहिल्यापेक्षा वाईट. बीपी, साखर, हृदयाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे यांच्यावर या दिवसांत जास्त लक्ष ठेवा. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बायकांबद्दल एक वेगळी गोष्ट. सार्वजनिक संडास लांब, घाण, रात्री अंधार, म्हणून आपल्या कितीतरी बहिणी पाणीच कमी पितात. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर शरीर सुकतंय. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं ओआरएस. मीठ अंदाजे टाकू नका. संडासाचा प्रश्न मात्र ओआरएसने सुटणार नाही, तो महापालिकेकडेच न्यावा लागेल.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, आकडी आली, बेशुद्ध झाला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, मान, काख, जांघेत ओले फडके ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, ती देण्यात वेळ घालवू नका.

छपराबद्दल. पांढरा, ऊन परत फेकणारा रंग दिला की खोली साधारण दोन ते पाच अंशांनी कमी तापते, असे अनुभव आहेत. चुना स्वस्त, पण पत्र्यावर पहिल्या पावसात धुऊन जातो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन चढू नका, तो मोडतो, आणि जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं म्हणून तो घासू-कापूही नका. वरच्या वायरी पाहूनच शिडी लावा. पण हा खर्च प्रत्येक घराने एकट्याने का करावा? अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला. त्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. २०१७ मध्ये तिथे वस्त्यांतली तीन हजारांवर छपरं पांढरी केली गेली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आपल्या शहराचा उष्मा आराखडा असेल तर त्यात आपल्या वस्तीसाठी काय लिहिलंय ते नगरसेवकाला विचारा. पुनर्वसनाची इमारत येत असेल तर बैठकीत गच्चीच्या रंगाचं, दोन इमारतींमधल्या अंतराचं आणि उरलेल्या झाडांचं विचारा. हजार रोपांच्या घोषणेपेक्षा उभा असलेला कडुनिंब वाचवणं मोलाचं, कारण रोपाला सावली धरायला दहा वर्षं लागतात. विहाराचं सभागृह दुपारी बारा ते चार उघडं ठेवून म्हाताऱ्यांसाठी पंखा आणि पाणी ठेवता येईल, त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

वॉर्ड ऑफिसात जाताना आकडे न्या. भिंतीवर लावायचा साधा तापमापक महाग नसतो, गल्लीत चार घरांनी एकेक घ्यावा. उन्हात, गॅसजवळ किंवा थेट तापलेल्या भिंतीला टेकवून लावू नका. झोपतो त्या उंचीवर, दोरीने खोलीच्या मधोमध टांगा. सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री अकरा, अशा तीन वेळा वहीत लिहा, शेजारी त्या दिवशीचा बातम्यांतला आकडा लिहा. दहावी-बारावीची परीक्षा संपलेली मुलं हे काम आनंदाने करतील. महिन्याभराची वही झाली की तिची झेरॉक्स काढून अर्जाला जोडा आणि पोच घ्या.