वसईची ख्रिस्ती धर्मसंस्था व लोकभाषा

राजाश्रयानें रुजलेली धर्मसंस्था तो आश्रय सुटतांच सुकून जाते, असा सामान्य समज आहे. वसई प्रांताचा इतिहास या समजास अपवाद ठरतो. येथील ख्रिस्ती समाज फिरंग्यांच्या अमलांत निर्माण झाला. परंतु तो अंमल उठून पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी समाज व त्याची धर्मसंस्था दोन्ही कायम आहेत. याचें कारण काय, व आजच्या इहवादी काळांत त्या कारणाचें महत्त्व किती, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन व पुढें जेझुइट पंथाचे मिशनरी आले. त्यांनीं केलेल्या धर्मांतरांत राजसत्तेचा दाब व सवलती यांचा भाग होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि परक्या लोकांपुढें धर्म मांडावयाचा तर त्यांची भाषा आली पाहिजे, हें सूत्रही त्याच काळांतील आहे. वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानी भाषेच्या ज्ञानामुळें जपानांत मिशनऱ्यांचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांस क्रुसावर मरण आलें, व १८६२ सालीं रोमनें त्यांस संतपद दिलें. गोमंतकांत फादर स्टीफन्स यांनीं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें प्रसिद्ध केलें, तेंही याच धोरणाचें फळ होय.

मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. युरोपीय पाद्री निघून गेले आणि धर्मकार्याचा भार देशी पाद्र्यांवर पडला. खरी कसोटी येथें लागली. राजाचें बळ नाहीं, मठांचें उत्पन्न नाहीं, अशा स्थितींत गांवोगांवचे कुणबाऊ व कोळी ख्रिस्ती आपल्या धर्मांत राहिले. त्यांची घरची बोली मात्र शेजाऱ्यांचीच होती. सामवेदी ब्राह्मण व कुपारी ख्रिस्ती आजही एकच बोली बोलतात, यांत नवल नाहीं.

वरिष्ठ अधिकार या काळांत वसईबाहेर होता. पोर्तुगालच्या राजाचा धर्माश्रयाचा हक्क, ज्यास पद्रुआदो म्हणत, व रोमची प्रोपागांडा संस्था यांच्यांत अधिकाराचा दीर्घ तंटा चालला. १८८६ सालीं वसई दमणच्या धर्मप्रांतांत गेली. १९२८ मध्यें तो मोडल्यावर ती मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. वसईस स्वतःचा धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजीं मिळाला. तात्पर्य, नेतृत्व दूर असतां परंपरा टिकविली ती धर्मग्रामानें, सणांनीं व बोलीनें.

उपासनेची भाषा मात्र लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ च्या निर्णयानें लोकभाषेस वाट करून दिली, आणि वसईंत मिस्सा मराठींतून होऊं लागली. या बदलाचे परिणाम देवळाच्या भिंतींबाहेरही पोहोंचले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनीं तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन केलें. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळींत त्यांनीं पाणी व हिरवी जमीन वांचविण्यासाठीं हिंदु व ख्रिस्ती शेतकऱ्यांस एकत्र आणलें. २०२० सालीं धाराशिव येथें भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें. त्यांच्या निवडीस कांहींनीं आक्षेप घेतला. पण पद त्यांस मराठीच्या सेवेमुळें मिळालें होतें, पंथामुळें नव्हे. २०२४ मध्यें ते निवर्तले.

यावरून धर्मप्रसार या शब्दाचा अर्थ कसा पालटला तें ध्यानीं येईल. सोळाव्या शतकांत तो धर्मांतर असा होता. विसाव्यांत तो शेजाऱ्यांच्या सार्वजनिक प्रश्नांत सहभाग असा झाला. इहवादी समाजांत धर्मगुरूच्या शब्दास आपोआप वजन राहत नाहीं. तें लोकांच्या भाषेंत व लोकांच्या कामांत मिळवावें लागतें.

पुढील अडचण येथेंच आहे. २००९ सालीं स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या क्षेत्रांत २०११ च्या खानेसुमारींत १२,२२,३९० लोक होते. त्यांतील बहुसंख्यांस वाडीची बोली ठाऊक नाहीं, आणि ख्रिस्ती घरांतील मुलें इंग्रजी शाळांकडे वळत आहेत. राजाश्रय गेला तेव्हां धर्मसंस्थेस बोलीनें तारलें. बोलीच सुटली तर तिच्या जागीं काय उभें करावयाचें, हा वसईच्या धर्मनेत्यांपुढील खरा प्रश्न आहे. व तो केवळ त्यांचाच नसून, त्याच बोलींत वाढलेल्या त्यांच्या हिंदु शेजाऱ्यांचाही आहे.