नहपानाचा पराभव : जैन कथा, प्राकृत शिलालेख आणि भोनचा स्तूप

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी भोन हे गाव आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले, तेव्हा प्राचीन वस्तीबरोबर विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. हा स्तूप कोणत्या राजाच्या काळी उभा राहिला, असा प्रश्न उपासक साहजिकच विचारतात. परंतु राजांचा इतिहास कोणत्या साधनांनी सिद्ध होतो, हे आधी पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी आम्ही येथे एकच उदाहरण घेतो.

‘आवश्यकचूर्णी’ या सुमारे सातव्या शतकातील जैन ग्रंथात पुढील कथा येते. भरुकच्छचा राजा नहवाहन कोशाने समृद्ध होता. पैठणचा सालवाहन सैन्याने बलवान होता. सालवाहन वर्षानुवर्षे वेढा घाली आणि हात हलवीत परते. अखेर त्याच्या अमात्याने हद्दपारीचे सोंग घेऊन शत्रूचा विश्वास संपादन केला व धर्मकार्यावर खर्च करवून त्याचा कोश रिता केला. मग भरुकच्छ पडले.

ही केवळ दंतकथा काय? नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्रमांक 3 च्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. तो वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षाचा. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे राजमाता त्यात सांगते. नहपान हा क्षहरातच. म्हणजे कथेतील नहवाहन काल्पनिक नव्हे. तथापि मातेने केलेली पुत्राची स्तुतीही तारतम्यानेच वाचावी लागते.

निवाडा नाण्यांनी केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे उमटविले होते. पराभव सिद्ध झाला.

मात्र धर्मदानामुळे राज्य बुडाले, हे कथेचे तात्पर्य आम्हांस ग्राह्य वाटत नाही. नहपानाचा जामात उषवदात याच्या ताब्यात असलेले शेत गौतमीपुत्राने आपल्या 18 व्या वर्षी भिक्खूंना दिले, असे नाशिकचाच दुसरा लेख सांगतो. दान ही दुर्बलता असती, तर जेत्याने ती परंपरा पुढे चालविली नसती. चूर्णीकार घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहीत होता. त्याने घटना जतन केली, कारण मात्र कथेच्या सोयीने दिले.

यातून एक शिस्त निष्पन्न होते. जैन ग्रंथ परपंथीयांचे म्हणून टाकू नयेत आणि शिलालेख बौद्ध लेण्यांत आहेत म्हणून डोळे मिटून स्वीकारू नयेत. समकालीन लेख, उत्तरकालीन ग्रंथ आणि नाणी परस्परांशी ताडून पाहावीत.

हीच कसोटी भोनला लावावी. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राच्या प्रदेशांत विदर्भाचे नाव आहे. पण तेवढ्यावरून भोनचा स्तूप त्याचा ठरत नाही. केवळ श्रद्धेने तो सम्राट अशोकाच्या नावावर मांडणेही योग्य नव्हे. स्तूपाचे मोल राजाच्या नावावर अवलंबून नाही. पूर्णेच्या काठी धम्म नांदत होता, याची साक्ष त्याच्या विटाच देतात. जिगाव प्रकल्पाच्या जलाशयामुळे या स्थळावर बुडिताचे सावट आले आहे. साधनच पाण्याखाली गेले, तर पुढच्या अभ्यासकांच्या हाती केवळ कथा उरतील. म्हणून राजाच्या नावाचा वाद घालण्यापूर्वी स्तूपाच्या रक्षणाचा आग्रह धरणे, हे आपले पहिले कर्तव्य होय.