दोन यंत्रांचा दुभाषी

श्रोतेहो, एका कचेरीत दोन कारकून. एकाची बोली दुसऱ्याला कळेना. मग कागद फिरायचे कसे? टेबलावरचे छोटे संगणक आणि युनिक्सवर चालणारे मोठे संगणक यांचे असेच होते. तारेने जोडले, तरी एकाच्या फायली दुसऱ्याला उघडेनात.

१९९१ साली कॅनबेरा येथील विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने युक्ती केली. बोलीचे लेखी नियम हाती नव्हते, म्हणून तारेवरून जाणारे निरोपच तो टिपत बसला. कोणत्या मागणीला कोणते उत्तर जाते, हे ताडून त्याने युनिक्सला तसेच बोलायला लावले. छोट्या संगणकाला वाटे, समोर आपलाच भाऊबंद आहे!

बोलीचे नाव ‘एसएमबी’. ती अक्षरे असलेला शब्द शोधून पुढे प्रोग्रॅमला ‘सांबा’ म्हटले. तो सर्वांना मोफत दिला. आजही तो राबतो आहे. गुरुजनहो, नीट ऐकणे हीसुद्धा विद्याच, हे मुलांना जरूर सांगा.